मायक्रोवेव्ह सुदूर संवेदनातून मातीची ओल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपग्रहावरून मातीतला ओलावा कसा काढतात याबद्दल विद्यार्थी, जलविज्ञानातली मंडळी, पीकसल्ल्याचं काम करणारे आणि जीआयएसवाले (संगणकावर नकाशे करणारे) जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, डोकं खाणारे नंतर. तीच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून गरज पडली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इतक्या उंचीवरून उपग्रहाला मातीतलं पाणी दिसतं कसं?

पाणी दिसत नाही. उपग्रह मोजतो तो जमिनीकडून येणारा मायक्रोवेव्हचा जोर, आणि त्यावरून आपण पाण्याचा अंदाज बांधतो. हा अंदाज शक्य होतो तो डायइलेक्ट्रिक स्थिरांकामुळे, म्हणजे विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो ते सांगणाऱ्या आकड्यामुळे. पाण्याचा रेणू ध्रुवीय असल्याने लहरीच्या तालावर सहज फिरतो, म्हणून कमी वारंवारतेच्या मायक्रोवेव्हसाठी पाण्याचा हा आकडा ८०च्या आसपास असतो. कोरड्या मातीचा ३ ते ५. माती भिजत गेली की मिश्रणाचा आकडा २०–२५पर्यंत चढतो, आणि तो चढला की जमीन लहरी जास्त परावर्तित करते व स्वतः कमी उत्सर्जित करते. निसर्गात एवढा मोठा फरक घडवणारा दुसरा घटक मातीत नाही. या पद्धतीचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

२. मायक्रोवेव्हच का? साध्या प्रतिमांवरून ओली जमीन गडद दिसतेच की.

गडद दिसते ती वरची मिलिमीटरभर कातडी. ऊन पडलं की तासाभरात ती फिकट होते आणि खाली ओल तशीच राहते. ढग आले की प्रकाशीय प्रतिमा संपलीच, आणि ओलाव्याची माहिती सर्वांत जास्त हवी असते ती नेमकी ढगाळ दिवसांत. ५ गिगाहर्ट्झच्या खालच्या लहरींना ढग जवळजवळ अडवत नाहीत, रात्र-दिवस सारखेच, आणि विरळ पिकातूनही त्या पार होतात. औष्णिक अवरक्त प्रतिमांवरूनही ओलाव्याचा अदमास घेता येतो, पण तो पानांच्या तापमानावरून, म्हणजे आडवळणाने.

३. पॅसिव्ह आणि ॲक्टिव्ह यांत नेमका फरक काय?

पॅसिव्ह उपकरण, म्हणजे रेडिओमीटर, फक्त ऐकतं. जमीन स्वतःच्या उष्णतेमुळे जे क्षीण उत्सर्जन करते ते केल्व्हिनमध्ये नोंदवतं. त्याला ब्राइटनेस टेंपरेचर म्हणतात. ॲक्टिव्ह उपकरण, म्हणजे रडार, स्वतः स्पंद पाठवतं आणि परत किती आलं ते डेसिबलमध्ये मोजतं, हा बॅकस्कॅटर.

ओल वाढली की ब्राइटनेस टेंपरेचर उतरतं आणि बॅकस्कॅटर चढतो. यातून निघणारी एक गंमत बरेच जण लक्षात घेत नाहीत. जमीन खडबडीत असली की रेडिओमीटरला ती आहे त्याहून कोरडी वाटते, आणि रडारला आहे त्याहून ओली. दोन्हीचे नकाशे एकाच शेतावर विरुद्ध बाजूंना चुकत असतील तर आधी नांगरट झाली का ते विचारा.

४. ओलाव्याने सिग्नल किती बदलतो? आकड्यांत दाखवा.

सपाट, उघडी जमीन घ्या, तापमान ३०० केल्व्हिन, उपकरण सरळ खाली बघतंय. परावर्तन काढायला फ्रेनेलचं सूत्र पुरतं: डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचं वर्गमूळ घ्या, त्यातून एक वजा करा, आलेल्याला वर्गमूळ अधिक एकने भागा आणि वर्ग करा.

कोरड्या मातीचा स्थिरांक ४. वर्गमूळ २. परावर्तन एक-तृतीयांशाचा वर्ग, म्हणजे ०.११. उरलेलं ०.८९ हे उत्सर्जन, म्हणून ब्राइटनेस टेंपरेचर २६७ केल्व्हिन. चिंब मातीचा स्थिरांक २५. वर्गमूळ ५, परावर्तन दोन-तृतीयांशाचा वर्ग, ०.४४. ब्राइटनेस टेंपरेचर १६७ केल्व्हिन. पुरता १०० केल्व्हिनचा फरक! आजचे रेडिओमीटर एक-दीड केल्व्हिनचा फरक सहज ओळखतात.

हे स्थिरांक पुन्हा ओलाव्यात बदलायला १९८० साली टॉप नावाचे मृदाशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेलं त्रिघाती समीकरण आजही वापरतात. त्यात ४ टाकला तर ओलावा ०.०५५ येतो, १० टाकला तर ०.१९, २५ टाकला तर ०.४०. उपग्रहांच्या गणितात त्याऐवजी डॉब्सन किंवा मिरोनोव्ह यांची मॉडेलं असतात, कारण ती चिकणमातीचं प्रमाण आणि वारंवारताही विचारात घेतात (प्रश्न १५).

ही सगळी आदर्श जमिनीची गोष्ट झाली. पीक आणि ढेकळं या १०० केल्व्हिनचं काय करतात ते प्रश्न ११ आणि १२ मध्ये आहे.

५. एल, सी, एक्स… कोणता बँड चांगला?

बँड म्हणजे वारंवारतेचा पट्टा, अक्षरं ही त्यांची नावं. ओलाव्यासाठी एल. तरंगलांबी साधारण २१ सेंटिमीटर, त्यामुळे पानं, काड्या तिला फारशा अडवत नाहीत आणि बारीकसारीक खडबडीतपणाही जाणवत नाही. सी बँड (साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास) उघड्या किंवा विरळ पिकाच्या जमिनीवर ठीक चालतो. एक्स बँडची लहर तीनेक सेंटिमीटरची; पीक जरा वर आलं की ती पिकाबद्दलच बोलायला लागते. पी बँड आणखी खोल आणि दाट झाडीतूनही जातो. युरोपीय अवकाश संस्थेचा बायोमास उपग्रह एप्रिल २०२५ मध्ये त्याच बँडचं रडार घेऊन गेला, पण त्याचं मुख्य काम जंगलाचं आहे.

६. कोणत्या खोलीची ओल मोजली जाते?

एल बँडच्या उत्पादनांवर (मोजमापांवरून तयार करून दिलेल्या नकाशांवर, आकड्यांच्या फाइलींवर) ‘वरचे ५ सेंटिमीटर’ असं लिहिलेलं असतं. तो करार समजा, भौतिकशास्त्र नव्हे. लहर किती खोलवरून येते हे ओलाव्यावरच ठरतं: माती जितकी ओली तितकी खोली कमी. मुसळधार पावसानंतर एल बँडसुद्धा वरच्या दोन-तीन सेंटिमीटरचंच सांगतो. सी बँडची खोली एक-दोन सेंटिमीटर, एक्सची त्याहून कमी. अगदी कोरड्या वाळूत मात्र हीच लहर मीटरभर खाली जाते, आणि त्यातून वेगळाच घोटाळा होतो (प्रश्न १८).

पाऊस पडून दोन दिवस झाले, वरचा पापुद्रा वाळला, खाली हात घातला तर माती गार आणि ओलसर. अशा दिवशी उपग्रह ‘कोरडं’ म्हणाला तर तो त्याच्या परीने खरंच बोलत असतो.

७. “ओलावा २० टक्के” म्हणजे कशाचे २० टक्के?

हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा, पण फार थोडे विचारतात. तीन वेगवेगळे टक्के प्रचारात आहेत.

प्रयोगशाळेत नमुना १०५ अंश सेल्सिअसला वाळवून काढतात तो वजनी ओलावा. ओला नमुना १३२ ग्रॅम आणि वाळल्यावर ११० ग्रॅम असेल तर २२ भागिले ११०, म्हणजे २० टक्के. उपग्रहाची बहुतेक उत्पादनं आकारमानी ओलावा देतात, घनमीटरमागे घनमीटर. वजनी आकड्याला मातीच्या घनतेने गुणलं की तो मिळतो, घनता १.३ असेल तर वरचाच नमुना २६ टक्के होतो. तिसरा प्रकार संपृक्ततेचा: सर्वांत कोरड्या स्थितीला ० आणि सर्वांत ओल्या स्थितीला १००. ॲस्कॅट या रडारचं (प्रश्न ८) उत्पादन या प्रकारचं आहे. त्याला सच्छिद्रतेने (मातीत पोकळीचा वाटा किती) गुणल्याशिवाय इतरांशेजारी ठेवू नका.

तुलना जुळत नाही अशी तक्रार आली की मी आधी एकक बघतो.

८. सध्या कोणकोणते उपग्रह यासाठी वापरले जातात?

खास याच कामासाठी सोडलेले दोन. युरोपीय अवकाश संस्थेचा स्मॉस, नोव्हेंबर २००९ पासून, आणि नासाचा स्मॅप, ३१ जानेवारी २०१५ पासून. दोन्ही एल बँडचे. स्मॉस तीन हातांवर बसवलेल्या ६९ छोट्या अँटेनांचे सिग्नल एकत्र करून मोठ्या अँटेनाचं काम भागवतो. स्मॅपवर ६ मीटर व्यासाची फिरती जाळीदार अँटेना आहे. स्मॅपवर रडारही होतं. ते ७ जुलै २०१५ ला बंद पडलं आणि रेडिओमीटर एकटाच उरला. रेडिओमीटर आणि रडार मिळून बारीक नकाशा देण्याची मूळ योजना तिथेच अडली.

बाकीचे मूळ दुसऱ्या कामांचे. मेटऑप या युरोपीय हवामान-उपग्रहांच्या मालिकेवरचा ॲस्कॅट (हेही रडारच) सी बँडचा, समुद्रावरचे वारे मोजायला बनवलेला. जपानचा एएमएसआर-२ मे २०१२ पासून सी आणि एक्स बँडमध्ये ऐकतो. युरोपची सेंटिनेल-१ मालिका म्हणजे सी बँडचं प्रतिमा-रडार. नासा आणि इस्रोचा निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. एल आणि एस बँडचं रडार, १२ दिवसांनी तीच कक्षा, आणि २०० मीटरच्या जाळीवर ओलाव्याचं उत्पादन ठरलेलं आहे. सिग्नस हा आठ छोट्या उपग्रहांचा ताफा (डिसेंबर २०१६) स्वतः काही पाठवत नाही. दिशादर्शक उपग्रहांचे जमिनीवरून परतलेले सिग्नल पकडतो.

९. स्मॅपचे पिक्सेल एवढे मोठे का? आणि मग ९ किलोमीटर, १ किलोमीटरची उत्पादनं कुठून आली?

कारण अँटेना लहान आणि लहर लांब. किरणाची रुंदी ढोबळमानाने तरंगलांबी भागिले अँटेनाचा व्यास. ०.२१ भागिले ६, म्हणजे ०.०३५ रेडियन. स्मॅप ६८५ किलोमीटरवरून तिरका बघतो, त्यामुळे जमीन ८५०-९०० किलोमीटरवर असते. गुणाकार तीसच्या आसपास येतो आणि किरणाच्या कडा पसरट असल्याने प्रत्यक्ष ठसा (एका नजरेत येणारा जमिनीचा तुकडा) ४० किलोमीटरच्या घरात जातो. एक किलोमीटरचा पिक्सेल हवा तर याच हिशेबाने दोनेकशे मीटरची अँटेना लागेल.

९ किलोमीटरचं सुधारित उत्पादन एकमेकांवर पडणारे ठसे गणिताने सोडवून बनतं. जाळी ९ किलोमीटरची असते, खरी विभेदनक्षमता त्याहून बरीच जाड. दोन शेजारचे चौकोन जवळजवळ तेच सांगतात. १ आणि ३ किलोमीटरच्या उत्पादनांत सेंटिनेल-१ किंवा प्रकाशीय-औष्णिक प्रतिमा मिसळलेल्या असतात. म्हणजे त्यातला बारीक तपशील स्मॅपचा नसून त्या दुसऱ्या उपग्रहाचा, आणि त्या उपग्रहाच्या खोडीही त्यात येतात. नकाशा सुंदर दिसतो म्हणून तो जास्त खरा असं नाही.

१०. सेंटिनेल-१ च्या डेटावरून माझ्या एका शेताचा ओलावा काढता येईल का?

निव्वळ आकडा म्हणून, भरवशाचा, एका प्रतिमेवरून? नाही. शेत ओलं होतंय की वाळतंय हे काळाच्या ओघात बघायचं असेल तर हो, बऱ्यापैकी.

सर्वांत प्रामाणिक पद्धत बदल मोजण्याची. त्याच शेताच्या, त्याच कक्षेच्या दोन-तीन वर्षांच्या प्रतिमा घ्या. सर्वांत कोरड्या काळात व्हीव्ही ध्रुवणाचा (उभी लहर पाठवून उभीच पकडलेला) बॅकस्कॅटर समजा उणे १६ डेसिबल आणि सर्वांत ओल्या काळात उणे ९. आज उणे १२ आहे. कोरड्यापासून ४ डेसिबल वर, पूर्ण पल्ला ७ चा, म्हणजे संपृक्तता ५७ टक्के. सच्छिद्रता ०.४५ असेल तर आकारमानी ओलावा सुमारे ०.२६. एवढंच गणित. ॲस्कॅटची पद्धतही मुळात हीच, फक्त पिकाची ऋतूमानाप्रमाणे होणारी वाढ आणि कोन यांच्या दुरुस्त्या धरून.

तीन गोष्टी सांभाळा. चढती (दक्षिणेकडून उत्तरेकडे) आणि उतरती (उत्तरेकडून दक्षिणेकडे) कक्षा मिसळू नका. कोन बदलला की बॅकस्कॅटर बदलतो. एका पिक्सेलवर विसंबू नका. स्पेकलमुळे (रडार प्रतिमेतल्या दाणेदार गोंगाटामुळे) सुटा पिक्सेल काहीही दाखवतो, अख्ख्या शेताची सरासरी घ्या. आणि सरासरी डेसिबलमध्ये काढू नका. उणे १० आणि उणे १६ यांची डेसिबलमधली सरासरी उणे १३ येते. आधी साध्या आकड्यांत बदला, ०.१ आणि ०.०२५, सरासरी ०.०६२५, परत डेसिबलमध्ये उणे १२. या एका डेसिबलने वरच्या उदाहरणातला ओलावा ५७ वरून ४३ टक्क्यांवर येतो.

११. नांगरट झाल्यावर ओलावा एकदम वाढलेला दिसला, पण पाऊस तर नव्हता.

रडारला ढेकळं दिसली. जमीन गुळगुळीत की खडबडीत हे लहरीच्या लांबीवर ठरतं: उंचसखलपणा तरंगलांबी भागिले आठ पट कोनाची कोज्या, यापेक्षा कमी असेल तर ती लहर जमिनीला गुळगुळीत मानते. ४० अंशाच्या कोनात एल बँडसाठी ही मर्यादा साडेतीन सेंटिमीटर, सी बँडसाठी जेमतेम ०.९. पेरणीसाठी भुसभुशीत केलेली जमीन एलला सपाट वाटते आणि सीला खडबडीत.

सऱ्यांची दिशा आणखी वेगळा त्रास. रडारची नजर सऱ्यांना काटकोनात पडली तर शेत झळझळतं, समांतर पडली तर विझतं. शेजारच्या दोन शेतांत एकच माती, एकच पाऊस, आणि सऱ्या आडव्या-उभ्या असतील तर नकाशावर एक ओलं, एक कोरडं.

ओ यांचं १९९२ चं मॉडेल, दुब्वा यांचं १९९५ चं, फंग आणि सहकाऱ्यांचं इंटिग्रल इक्वेशन मॉडेल. सगळ्यांना खडबडीतपणाचे आकडे हवे असतात. शेतावर पिनांची पट्टी लावून ते मोजता येतात, पण जागेगणिक इतके बदलतात की मोठ्या क्षेत्रावर त्यांचा फारसा उपयोग नाही. दोन तारखांच्या मध्ये मशागत झालेली नाही असं धरून बदल मोजणं बरं, आणि मशागत झाली तर मालिका तिथे तोडणं.

१२. पीक उभं असताना हे चालतं का?

पिकात पाणी किती आहे त्यावर अवलंबून. रेडिओमीटरसाठी टाऊ-ओमेगा मॉडेल वापरतात: टाऊ म्हणजे पिकाचा पडदा किती जाड, ओमेगा म्हणजे पिकात लहर किती विखुरते. टाऊ हा पिकातल्या पाण्याच्या वजनाला एका गुणकाने गुणून मिळतो. एल बँडला तो गुणक ०.१२ धरा.

दर चौरस मीटरला ३ किलो पाणी असलेलं पीक, ४० अंशाचा कोन. टाऊ ०.३६, तिरक्या वाटेने ०.४७. एका खेपेत ६२ टक्के सिग्नल पार होतो. जमिनीच्या परावर्तनाचा ठसा पडदा दोनदा ओलांडतो, म्हणून संवेदनशीलता ३९ टक्क्यांवर येते. प्रश्न ४ मधले १०० केल्व्हिन आता ३९. पाणी ५ किलो झालं की उरतात २१. स्मॅपच्या उत्पादनात ५ किलोच्या वरच्या भागांवर ‘भरवसा कमी’ असा शिक्का असतो तो यामुळेच. दाट जंगलातले आकडे फाइलमध्ये असतात म्हणून वापरायचे नसतात.

रडारसाठी वॉटर क्लाउड मॉडेल, ॲटेमा आणि उलाबी यांचं, १९७८ चं. पीक म्हणजे पाण्याच्या थेंबांचा ढग असं ते मानतं. दोनच गुणक, पण ते प्रत्येक पिकाला वेगळे बसवावे लागतात. एका भागातल्या गव्हासाठी बसवलेले गुणक दुसरीकडच्या मक्याला लावलेले प्रबंध वाचण्यात येतात. तसं करू नये.

१३. स्मॅप-स्मॉसच्या सकाळी ६ आणि संध्याकाळी ६, या दोन फेऱ्यांपैकी कोणती घ्यावी?

सकाळची. पहाटेपर्यंत माती, पीक आणि हवा यांचं तापमान जवळ आलेलं असतं. गणितात आपण पीक आणि माती एकाच तापमानाची धरतो, ते गृहीतक तेव्हा बऱ्यापैकी खरं ठरतं. संध्याकाळी वरचा थर तापलेला, खालचा गार, आणि मॉडेलचं तापमान चुकलं की ओलावाही चुकतो. स्मॅप सकाळी उतरत्या कक्षेत असतो आणि स्मॉस चढत्या. फाइलीची नावं बघून गोंधळू नका. सकाळच्या फेरीत अडचण फक्त दवाची. तिच्यासाठी प्रश्न २२.

१४. ०.०४ ची अचूकता म्हणजे चांगली की वाईट?

स्मॅपचं लक्ष्य होतं: ०.०४ घनमीटर प्रति घनमीटर, सरासरीतला कायमचा फरक काढून टाकल्यावर, मध्यम वनस्पतीच्या भागात. वरच्या ५ सेंटिमीटरसाठी हे २ मिलिमीटर पाणी होतं. इतक्या वरून दोन मिलिमीटर ही कमालच म्हणायची. पण वाळलेल्या आणि भिजलेल्या मातीतला फरक ०.३० च्या आसपास असतो, त्यामुळे त्या दोन टोकांमध्ये तुम्हाला सात-आठच पायऱ्या स्पष्ट मिळतात. आज ०.२१ आणि परवा ०.२३ यावरून काही सिद्ध करू नये.

१५. काळ्या चिकणमातीत आकडे नेहमी बिघडतात का?

बिघडतात. चिकणमातीच्या कणांना चिकटलेलं पाणी मोकळ्या पाण्यासारखं फिरत नाही. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक बर्फाच्या जवळचा. म्हणून सारख्याच ओलाव्याला वाळूपेक्षा चिकणमातीचा स्थिरांक कमी भरतो, आणि मातीच्या नकाशात चिकणमातीचं प्रमाण चुकलं तर ती चूक थेट ओलाव्यात उतरते. भेगाळणाऱ्या मातीत भेगांमुळे खडबडीतपणाही वाढतो. सेंद्रिय पीट मातीची सच्छिद्रता ०.८–०.९ पर्यंत असल्याने खनिज मातीची मॉडेलं तिथे लागूच पडत नाहीत. खारवट जमिनीत विद्युतवाहकता वाढून कमी वारंवारतेला आणखी घोळ होतो.

१६. तलावाजवळचे पिक्सेल कायम ओले दिसतात.

पाण्याचा थोडा वाटाही पुरतो. पाण्याचं ब्राइटनेस टेंपरेचर सरळ खाली बघताना १०८ केल्व्हिनच्या आसपास. भोवतालची जमीन २५० असेल आणि पिक्सेलचा ५ टक्के भाग पाण्याने व्यापला असेल तर मिश्रण २४३ येतं. हे ७ केल्व्हिन गणिताला ओलावाच वाटतात, साधारण ०.०२ ते ०.०३ इतका. कायमच्या पाण्याची दुरुस्ती केलेली असते. पुराचं, खाचरातलं, हंगामी पाणी मात्र निसटतं.

रडारमध्ये साचलेलं उघडं पाणी आरशासारखं असल्याने काळं पडतं, म्हणजे ‘फार कोरडं’. त्यातच भाताची रोपं उभी राहिली की लहर पाण्यावरून खोडावर आणि तिथून परत अशी दुहेरी उडी घेते आणि शेत चमकतं. भातखाचरात बॅकस्कॅटरवरून ओलावा काढायला जाऊ नये. तिथे पाणी साचलं आहे की नाही एवढंच विचारावं.

१७. थंडीत बर्फाळ प्रदेशात ओलावा एकदम शून्याकडे का जातो?

पाणी गोठलं. बर्फाचा स्थिरांक सुमारे ३.१५, कोरड्या मातीइतकाच. पाणी तिथेच असतं, पण लहरीला ते कळत नाही. अशा तारखा वगळा. हाच गुण वापरून स्मॅप गोठण्या-वितळण्याचं स्वतंत्र उत्पादन देतो.

१८. वाळवंटात पाऊस नाही, तरी ॲस्कॅटमध्ये ओलावा वाढतोय. डेटा खराब आहे का?

डेटा ठीक आहे, समजूत चुकते आहे. फार कोरड्या मातीत लहर खोल जाते आणि खालचे दगड, खडकाचा माथा, कठीण थर यांच्यावर आपटून परत येते. माती जितकी सुकत जाते तितका हा परतावा वाढतो. बॅकस्कॅटर वाढला म्हणजे ओल वाढली, हा नियम इथे उलटा फिरतो. पाऊस झाल्यावर तर आकडा खालीही येऊ शकतो, कारण वरच्या ओलीने खालची वाट बंद केलेली असते.

हीच खोडी एकदा मोठ्या कामाला आली. नोव्हेंबर १९८१ मध्ये स्पेस शटलवरच्या एल बँड रडारने पूर्व सहारात वाळूखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन नद्यांची पात्रं दाखवली होती.

१९. नकाशात काही भाग कायम रिकामे किंवा विचित्र का असतात?

बहुधा मानवी रेडिओ गोंगाट. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा फक्त ऐकण्यासाठी राखीव आहे, तिथे प्रक्षेपणाला आंतरराष्ट्रीय बंदी आहे. स्मॉस वर गेल्यावर ही बंदी किती ठिकाणी कागदावरच आहे ते दिसलं. गोंगाट जोरदार असेल तर तो ओळखून फेकता येतो. क्षीण असेल तर ब्राइटनेस टेंपरेचर दोन-तीन केल्व्हिनने वाढतं आणि जमीन थोडी कोरडी दिसते, आणि हा प्रकार पकडणं जास्त अवघड. नंतर गेलेला स्मॅप आराखड्यातच गोंगाट गाळण्याची सोय घेऊन गेला. कोणत्याही उत्पादनाबरोबर गुणवत्तेचे झेंडे, म्हणजे कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते सांगणाऱ्या खुणा, येतात. ते न बघता सरासरी काढणाऱ्यांचे प्रश्न या यादीत सर्वांत जास्त आहेत.

२०. मला मुळांजवळची ओल हवी आहे. वरच्या ५ सेंटिमीटरचं काय करू?

दोन मार्ग. सोपा मार्ग घातांकी गाळणीचा: वरच्या थराच्या गेल्या काही दिवसांच्या मोजमापांची भारित सरासरी, अलीकडच्याला जास्त वजन. किती मागे जायचं हे एका काळ-स्थिरांकावर ठरतं. खोल थर किंवा जड माती असेल तर तो जास्त दिवसांचा. मोठा मार्ग डेटा ॲसिमिलेशनचा: पाऊस, बाष्पीभवन, निचरा यांचं मॉडेल चालवायचं आणि उपग्रहाच्या मोजमापाने ते वेळोवेळी सावरायचं. स्मॅपचं चौथ्या पातळीचं उत्पादन असं बनतं: ९ किलोमीटर, दर तीन तासांनी, एक मीटर खोलीपर्यंत. त्यातला खोल थर हा प्रामुख्याने मॉडेलचा आवाज आहे. भूजल वर असेल किंवा ठिबकने पाणी खालून पोचत असेल तर दोन्ही मार्ग फसतात, कारण वरच्या थराचा आणि खालच्याचा संबंधच तुटलेला असतो.

२१. माझ्या शेतातला सेन्सर आणि उपग्रह जुळत नाहीत. दोष कोणाचा?

बहुतेक वेळा कोणाचाच नाही. सेन्सर मूठभर मातीचं सांगतो, उपग्रह शेकडो चौरस किलोमीटरचं. त्यातून ५ सेंटिमीटरवर आडवा बसवलेला सेन्सर त्या खोलीच्या भोवतालचं मोजतो, तर लहर वरच्या पापुद्र्यावर जास्त भर देते (प्रश्न ६). म्हणून निव्वळ आकड्यांऐवजी चढउतार जुळतात का ते बघा. पावसानंतर दोन्ही वर गेले, सारख्या वेगाने उतरले, तर समाधान माना.

पिक्सेलमध्ये अनेक सेन्सर असलेली ठिकाणं हवीत. आंतरराष्ट्रीय मृदा ओलावा जाळ्यात (इंटरनॅशनल सॉइल मॉइश्चर नेटवर्क) जगभरच्या केंद्रांच्या नोंदी एका साच्यात मिळतात. वैश्विक किरणांच्या न्यूट्रॉनवर चालणारं उपकरण काहीशे मीटरचा टापू एकदम मोजतं, त्यामुळे ते मधला पूल ठरतं. जमिनीवर काहीच नसेल तर तिहेरी तुलना: एकमेकांशी चुकांचा संबंध नसलेली तीन उत्पादनं, समजा एक रेडिओमीटर, एक रडार, एक मॉडेल, घेऊन प्रत्येकाची चूक वेगळी काढता येते. अट मात्र पाळा. स्मॅपचं चौथ्या आणि तिसऱ्या पातळीचं उत्पादन एकाच त्रिकुटात घेतलं तर ते दोघं संगनमताने उरलेल्याला दोषी ठरवतात.

दोन उपग्रहांची सरळ सरासरी घेण्याचा मोहही टाळा. प्रत्येकाचा कोरडेपणाचा आणि ओलेपणाचा पल्ला वेगळा. आधी एकाचं वितरण दुसऱ्यावर बसवावं लागतं. युरोपीय अवकाश संस्थेच्या हवामान कार्यक्रमातली १९७८ पासूनची दीर्घ मालिका अशीच, एकेक उपग्रह सांधून बनली आहे. तिच्यात सुरुवातीची वर्षं विरळ आहेत, त्यामुळे कल शोधताना सांध्यांच्या तारखा आधी काढून ठेवा.

मशीन लर्निंगबद्दलचे प्रश्नही इथेच येऊन मिळतात. एकाच केंद्राच्या नोंदी शिकवणीत आणि परीक्षेतही असतील तर अचूकता डोळे दिपवणारी येणारच. अख्खी केंद्रं बाजूला ठेवून तपासा. मग जो आकडा येईल तो खरा.

२२. पाऊस नाही, सिंचन नाही, तरी सकाळच्या फेरीत एकाच दिवसापुरता आकडा हलला. का?

दव बघा. पानांवरचं पाणी पिकाचा पडदा जाड करतं. रेडिओमीटरमध्ये बहुधा ब्राइटनेस टेंपरेचर थोडं चढून जमीन कोरडी वाटते. रडारमध्ये पिकाचा परतावा वाढून ओली. पावसानंतर लगेच गेलेल्या फेरीतही पानांवर अडकलेलं पाणी हाच खेळ करतं. त्याच दिवसाची संध्याकाळची फेरी उपलब्ध असेल तर तिथे दव नसतं, एवढ्यापुरती ती कामाची. दोन्ही फेऱ्यांत आकडा हलला असेल तर प्रश्न १९ कडे वळा, आणि तिथेही काही सापडलं नाही तर पिक्सेलभर विचारा: कोणी ना कोणी पाणी सोडलेलं असतं.